‘पर्यावरणीय कारणं’ म्हणजे मुंबईची हवा नव्हे

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय की मुलाला सीलिएक (गव्हासारखं धान्य खाल्लं की आतड्याला इजा होते तो आजार) निघालंय, मिळालेल्या पत्रकात ‘अनुवांशिक व पर्यावरणीय कारणांमुळे होणारा आजार’ असं छापलंय, तर पर्यावरणीय म्हणजे इथली हवा का, गावी राहायला जावं का, आणि अनुवांशिक म्हणजे माझ्याकडूनच आलं का?

ताई, आधी गावी जायचं डोक्यातून काढा, घोळ त्या शब्दाचा आहे. परि अधिक आवरण, म्हणजे आजूबाजूला जे जे आहे ते सगळं, असा मूळ अर्थ खरा, पण आज पर्यावरण म्हटलं की आपल्याला झाडं, धूर, ५ जून एवढंच आठवतं. डॉक्टरांना म्हणायचं असतं ते ‘जनुकांच्या बाहेरचं सगळं’. आणि सीलिएकमध्ये त्यातलं मुख्य काय, तर ताटातली पोळी! गहू, जव, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यातलं ग्लूटेन. कणकेचा गोळा नळाखाली धरून चोळत राहा, पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, ते हे. कणकेला जो लोच येतो तो याच्यामुळेच. लहानपणीच्या रोटाव्हायरससारख्या पोटाच्या इन्फेक्शनवरही संशय आहे. म्हणून मी इथे सरळ ‘बाह्य कारणं’ लिहीन, वाचणारी आई घाबरणार तरी नाही.

आता दुसरा शब्द. अनुवंशला ‘इक’ लागला की पहिला स्वर वाढतो, म्हणून आनुवंशिक. ‘वां’ चूक, पण इतकं सर्रास चालतं की पत्रकवाल्यांना काय बोलणार. मला जास्त खटकतं ते आनुवंशिक म्हणजे जन्मजात असं धरणं, कारण हा आजार साठीतही निघू शकतो. आणि ‘खाण तशी माती’ म्हणून आईकडे बोट दाखवणं तर साफ चूक आहे. इथे म्हण लागू पडते ती ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’, तीही अर्धीच. एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं नसतील तर सीलिएक जवळजवळ होतच नाही, पण असली म्हणजे होतोच असंही नाही. ती साधारण १०० पैकी ३०-४० लोकांत असतात, आजार मात्र एकूण १ टक्क्याच्या आसपास लोकांना. ती आईकडून येतात तशी बाबांकडूनही येतात, दोघांकडूनही येऊ शकतात, त्यामुळे सासरी कोणी काही बोललं तर हे बिनधास्त सांगा.

‘गव्हाची अॅलर्जी’ हा घरोघरी चालणारा शब्दही टाळा. अॅलर्जी वेगळी, सीलिएकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या आतड्यावर उलटते. अॅलर्जी म्हटलं की नातेवाईक ‘अगं एक घास चालतो गं’ म्हणतात, आणि तो घास चालत नाही हो! पोळी बंद केली तरी डब्यातल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, भाजणीत गहू, सातूच्या पिठातही गहू, तेवढं नीट बघा. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालते, फक्त गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळू नका.

आणि आनुवंशिक या शब्दाचा खरा उपयोग पुढे आहे, आईबाबा आणि सख्ख्या भावंडांपैकी साधारण १० जणांत एकाला हा निघतो, तेव्हा सगळ्यांची रक्ततपासणी करून घ्या, पण ती होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो.