आधी सुरक्षित, मग नैसर्गिक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी करून मैत्रिणींना देत असलेलं बाम आणि क्रीम आता विकायचं आहे, त्यात प्रिझर्वेटिव्ह अजिबात नको, किंमत सगळ्यांना परवडावी, आणि व्यवसाय कुणाचं नुकसान न करता चालावा. मी बरीच वर्षं छोट्या प्रमाणावर हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट. नैसर्गिक माल वापरला की नैतिकता आपोआप येते, असं धरून चालू नका. पुष्कळदा दोन्ही बरोबर जातात, पण काही ठिकाणी दोन्हींपैकी एक सोडावं लागतं. तेव्हा मी वापरणाऱ्याच्या त्वचेची आणि माल पिकवणाऱ्या माणसाची बाजू घेते, मग लेबलवर 'नैसर्गिक' लिहिता आलं नाही तरी चालेल.

आता प्रिझर्वेटिव्ह. तुमच्या बाममध्ये मेण, शिआ बटर (शिआ झाडाच्या बियांचं घट्ट तेल) आणि तेल आहे, पाण्याचा थेंब नाही. तिथे जंतू वाढत नाहीत, त्यामुळे त्यात प्रिझर्वेटिव्ह नको हे बरोबरच आहे. क्रीमचं तसं नाही. पाणी, गुलाबजल, कोरफडीचा गर यातलं काहीही आलं की बॅक्टेरिया आणि बुरशी यांची सोय झाली. लोक म्हणतात, 'माझं क्रीम दोन महिने छान टिकतं, वासही येत नाही.' अहो, एका ग्रॅममध्ये लाखो जंतू झाले तरी क्रीम दिसायला आणि वासाला अगदी ताजं असू शकतं. सौंदर्यप्रसाधनांसाठी जी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे (आयएसओ १७५१६) ती साधारण उत्पादनाला ग्रॅममागे १,००० जंतू आहे, आणि डोळ्यांभोवती किंवा तीन वर्षांखालच्या मुलांना लावायच्या वस्तूला फक्त १००. हे डोळ्यांनी आणि नाकाने कळणारं काम नाही.

व्हिटॅमिन ई घातलं आहे म्हणालात. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना काहीही करत नाही. सुगंधी तेलांचंही तसंच: जंतू रोखण्याइतकी घातली तर त्वचेची आग होईल. ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाच्या बियांचा अर्क 'नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह' म्हणून विकला जातो. त्याच्या तपासण्या झाल्या तेव्हा ज्या नमुन्यांत जंतू मारायची ताकद होती, त्यांत कृत्रिम जंतुनाशकं मिसळलेली सापडली, आणि ज्यांत ती नव्हती त्यांत ताकदही नव्हती. म्हणजे तो घालून तुम्ही ग्राहकाला नकळत तेच देणार जे नको म्हणत होतात, तेही प्रमाण माहीत नसताना.

नैसर्गिक म्हणून मान्यता देणाऱ्या संस्थासुद्धा काही प्रिझर्वेटिव्ह चालवून घेतात. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी त्यातलीच. पण ती नुसती घालून भागत नाही, इथेच बहुतेकांची गाडी अडते. बेंझोएट काम करतं ते त्याच्या आम्लरूपात. पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.२ असेल तर त्यातलं निम्मं त्या रूपात असतं; पीएच ६ ला गेला की दोन टक्क्यांहून कमी उरतं. म्हणजे फॉर्म्युला तोच, वजन तेच, आणि प्रिझर्वेटिव्ह जवळजवळ निकामी. म्हणून क्रीम थंड झाल्यावर पीएच मोजा, लॅक्टिक आम्लाने ५ च्या खाली आणा, आणि काही आठवड्यांनी त्याच बॅचमधल्या डबीचा पुन्हा मोजा. तो हळूहळू वर सरकू शकतो. वर्षानुवर्षं करणारेसुद्धा ही दुसरी मोजणी टाळतात, आणि घोटाळा नेमका तिथेच असतो.

विकायच्या आधी चॅलेंज टेस्ट करून घ्या. त्यात प्रयोगशाळा तुमच्या क्रीममध्ये मुद्दाम जंतू, यीस्ट आणि बुरशी सोडते आणि २८ दिवस ते कमी होतात का हे पाहते. हा खर्च मोठा वाटतो, म्हणून माझा सल्ला असा की क्रीम सध्या बाजूला ठेवा. बाम, तेल, घट्ट लोशन बार अशा पाणी नसलेल्या दोन-तीन वस्तूंनी सुरुवात करा, आणि त्यातून आलेल्या पैशातून क्रीमची चाचणी करा. एक अपवाद लक्षात ठेवा: साखरेचा किंवा मिठाचा स्क्रब. त्यात पाणी नसलं तरी लोक ओल्या हाताने न्हाणीघरात वापरतात, त्यामुळे त्याला प्रिझर्वेटिव्ह लागतं. आणि सनस्क्रीन करूच नका. झिंक ऑक्साइड घरच्या मिक्सरने सारखं पसरत नाही, गुठळ्या राहतात, आणि एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, आकडा चाचणीशिवाय सांगता येत नाही.

सुगंधी तेलांबद्दल लोक फार बिनधास्त असतात, त्याची मला काळजी वाटते. लिमोनीन आणि लिनालूल हे घटक लॅव्हेंडर, लिंबूवर्गीय आणि इतर पुष्कळ तेलांत असतात. हवा लागून ते जुने झाले की त्यांच्यापासून ॲलर्जी आणणारी संयुगं तयार होतात. म्हणजे अर्धी रिकामी, वर्षभर उघडझाप झालेली बाटली ही नव्या बाटलीपेक्षा जास्त धोक्याची. बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाची साल दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. सुगंध उद्योगाची संस्था आयएफआरए त्वचेवर राहणाऱ्या वस्तूंत त्याची मर्यादा ०.४ टक्के सांगते. थेंब मोजू नका, ग्रॅममध्ये वजन करा. एक वस्तू तरी पूर्ण बिनवासाची ठेवा. संवेदनशील त्वचेचे ग्राहक तुम्हाला त्याच वस्तूमुळे सापडतील.

आता माल कुठून घ्यायचा. चमक देणाऱ्या अभ्रकाचंच उदाहरण घ्या. तो खाणीतून येतो, म्हणून नैसर्गिक. पण झारखंड-बिहारच्या खाणपट्ट्यात आणि मादागास्करमध्ये तो वेचायला लहान मुलं राबतात हे नोंदलं गेलेलं आहे. प्रयोगशाळेत बनवलेला अभ्रक मिळतो, आणि मी तिथे डोळे मिटून कृत्रिम निवडेन. रोजवुड तेलाचं झाड ॲमेझॉनमध्ये सुगंधासाठी इतकं तोडलं गेलं की २०१० मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. याउलट स्क्वॅलेन हे त्वचा मऊ ठेवणारं तेल पूर्वी मुख्यतः शार्कच्या यकृतापासून काढत, आज ते ऑलिव्हपासून किंवा उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून मिळतं. म्हणून प्रत्येक घटकाची चौकशी वेगळी करावी लागते.

पाम तेलाचं प्रकरण यातलं सगळ्यात किचकट. 'आम्ही पाम वापरत नाही' असं छापायचा मोह होईल. पण ग्लिसरीन, सिटेरिल अल्कोहोल, ग्लिसेरिल स्टिअरेट हे बहुधा पामपासून आलेले असतात आणि नावावरून ते कळत नाही. शिवाय हेक्टरी उत्पन्नात पामच्या जवळपास जाणारं दुसरं तेलबीज नाही, त्यामुळे सगळ्यांनी दुसऱ्या तेलाकडे वळायचं म्हटलं तर जमीन जास्त लागेल. मी पुरवठादाराला दोनच गोष्टी विचारते: मूळ काय, आणि आरएसपीओचं (जबाबदारीने पिकवलेल्या पाम तेलाला प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणपत्र असेल तर कुठल्या प्रकारचं. 'मास बॅलन्स' असेल तर प्रमाणित आणि साधं तेल वाटेत मिसळलेलं असतं. ते वाईट नाही, पण मग 'आमचं तेल जंगल न तोडता आलेलं' असं लिहायचा अधिकार तुम्हाला राहत नाही.

एखादा छोटा उत्पादक प्रमाणपत्राशिवायही अगदी चोख असू शकतो, कारण प्रमाणपत्राचाच खर्च त्याला झेपत नाही. त्याला लॉट नंबर, काढणीचा काळ, तपासणी अहवाल मागा, आणि पैसे वेळेवर द्या. कमी भावात मिळणाऱ्या गुलाबतेलापासून मात्र लांब राहा. एक किलो तेलाला साधारण तीन ते चार टन पाकळ्या लागतात. भाव फार कमी असेल तर एक तर त्यात भेसळ आहे, नाहीतर वेचणाऱ्याला मजुरी मिळालेली नाही.

प्राण्यांवरच्या चाचण्यांबद्दल: तुम्ही स्वतः चाचणी करत नाही हे पुरेसं नाही, घटकांवर झाली का हा खरा प्रश्न. युरोपीय संघात २०१३ पासून अशी चाचणी झालेली सौंदर्यप्रसाधनं विकायला पूर्ण बंदी आहे. पुरवठादाराकडून लेखी घ्या आणि दरवर्षी नवं घ्या.

वही ठेवा. मला विचाराल तर या व्यवसायातली सगळ्यात नैतिक वस्तू तीच. माझ्या वहीत प्रत्येक बॅचला एक पान असतं: बॅच नंबर, तारीख, प्रत्येक घटकाचं ग्रॅममध्ये वजन आणि त्याचा लॉट नंबर, किती तापवलं, कसं थंड केलं, पीएच, शेवटी किती डब्या भरल्या. प्रत्येक बॅचची एक डबी विकायची नाही, मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवायची. तुमचं शिआ बटरचं बाम कधीकधी रवाळ होतं म्हणालात ना, त्याचं उत्तर या वहीतच मिळेल. शिआमधले वेगवेगळे स्निग्धांश वेगवेगळ्या तापमानाला गोठतात. बाम सावकाश थंड झालं की त्यातले कठीण अंश आधी गोठून कण बनतात. पूर्ण वितळवून पटकन थंड करा. थंड कसं केलं ते लिहिलेलं असेल तर कारण शोधत बसावं लागणार नाही.

ग्राहकाला पुरळ आलं तर बॅच नंबर विचारा, वापर थांबवायला सांगा, पैसे परत करा, नोंद करा. 'आतली घाण बाहेर पडतेय, चालू ठेवा' असं कधीही, कुणालाही सांगू नका. असं सांगितल्यामुळे साधी ॲलर्जी चिघळलेली मी पाहिली आहे. एक्झिमा किंवा सोरायसिस बरं करण्याचा दावाही नको. आणि दुसऱ्यांच्या मालाची भीती घालून आपला विकू नका. ज्या बाईने कालपर्यंत बाजारचं क्रीम लावलं, तिला आपण स्वतःला विष लावत होतो असं वाटायला लावणं, हे मला या क्षेत्रातलं सगळ्यात वाईट वागणं वाटतं.

किंमत. कच्चा माल, डबी, लेबल, वाया गेलेला माल, चाचण्या, कपाटातली राखीव डबी आणि तुमच्या हाताचे तास, हे सगळं धरा. दुकानात ठेवायचं असेल तर दुकानदार मोठा वाटा घेतो, बऱ्याचदा छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास. उरलेल्या निम्म्यात तुमची मजुरी निघत नसेल तर किंमत कमी पडते आहे. 'सगळ्यांना परवडावं' ही इच्छा मला कळते. त्यासाठी लहान डबी काढा, साधं वेष्टन वापरा. स्वतःची मजुरी शून्य धरून किंमत पाडलीत तर दोन वर्षांत तुम्ही दमाल आणि पहिली काटकसर मालाच्या दर्जात होईल.

क्रीमचा पूर्ण फॉर्म्युला टक्केवारीत लिहा, इमल्सीफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) कोणता आहे आणि पीएच किती येतो तेही. काही इमल्सीफायर एवढ्या आम्लात फुटतात, त्यामुळे ते पाहिल्याशिवाय वर सांगितलेली जोडी तुम्हाला चालेल की दुसरं काही घ्यावं लागेल, हे मी सांगू शकणार नाही.