जसं बोलले तसं लिही

बाळ,

तुझी मेल दोनदा वाचली. समोर लोकांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग, वरिष्ठांना हवाय एका पानाचा तक्ता, आणि तुझी तक्रार अशी की लोक मुद्द्याचं बोललेच नाहीत. पुण्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या पाण्याबद्दल विचारलं, तर कुणी व्हॉल्व्हमनचं गाऱ्हाणं सांगतंय, कुणी टँकरच्या बिलाचं. यांचे गट कसे पाडू, असं विचारतेस.

पाडू नकोस. निदान आत्ता नको. आधी जसं बोलले तसं लिहून काढ.

चढावर राहणाऱ्या त्या बाईंचीच चिठ्ठी घे. 'पाणी पहाटे तीनला येतं. दोन हंडे भरतात तोवर खालच्या घरांत मोटर लागते आणि आमचा नळ हवा ओढायला लागतो.' तू तिच्यापुढे पेन्सिलीनं 'अपुरा दाब' लिहून मोकळी झालीस. वेळ गेली, चढ गेला, मोटर गेली. आणि सगळ्यात गंभीर गोष्टही गेली: नळ हवा ओढतोय म्हणजे पाइपात उलटी ओढ तयार होतेय, आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत यायला वाट मिळतेय. हे त्या बाईंनी तुला फुकट सांगितलं. कुठल्याही सर्वेक्षणात ते पैसे मोजूनही मिळालं नसतं.

दाब कमी असतो तो टाकीची उंची पुरत नाही म्हणून, पाइप आतून गंजलाय म्हणून, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाहीत म्हणून, किंवा शेजारी मोटर लावतो म्हणून. एका ठिकाणी टाकी बांधावी लागेल, दुसऱ्या ठिकाणी नुसता माणूस वेळेवर पाठवला तरी भागेल. तुझ्या तक्त्यात या सगळ्यांचा एकच आकडा होणार. मग त्यावरून खर्च कसला ठरवणार?

2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले आणि सगळ्यांच्या नजरा पिण्याच्या पाण्याकडे वळल्या. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर. अशा वस्तीतून 'पाण्याला वास येतो' असं कुणी लिहून दिलं, तर ते 'इतर तक्रारी'त ढकलायचं? जसं बोलले तसं लिही. कुठल्या गल्लीत, कोणत्या वारी, पाणी आल्या आल्या की शेवटी शेवटी, तेही लिही.

आणि हो, 2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. 2021 साली हद्दीत आलेल्या 23 गावांनी त्या काळात कुणाच्या दारात जायचं होतं? त्यांच्याकडून आलेली प्रत्येक ओळ जपून ठेव.

दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांना विचारायचं का, हा तुझा प्रश्न वाचून मात्र मला राग आला. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यातूनच शहराचे नळ, त्यातूनच कालव्याची आवर्तनं. शिवाय शहराचं वापरलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपशाच्या विहिरीतून, उचलून 'बेबी' म्हणतात त्या जुन्या कालव्यानं त्यांच्याच शेतात जातं. ते पाणी कसं येतं हे त्यांच्याइतकं कोण सांगेल? ते पुण्याचे मतदार नसतील, पण या पाण्याचे वाटेकरी आहेत. जा, बांधावर उभी राहून ऐक, आणि तेही त्यांच्याच शब्दांत.

माझे अहवाल फुगतात असं लोक म्हणायचे. फुगायचेच. माणशी रोज 135 लिटर हा मापदंड मीही वापरलाय, त्याशिवाय मागणी काढता येत नाही. पण सरासरीत लाइनच्या शेवटच्या टोकाचं घर दिसत नाही, म्हणून लोकांच्या म्हणण्याचं परिशिष्ट मी कापू द्यायचो नाही. मला आडमुठा म्हणाले, बैठकांना बोलावणं बंद केलं. आजही मी तेच करीन. एका शहरात कार्यालय हललं तेव्हा लोकांच्या म्हणण्याच्या मूळ वह्या रद्दीत गेल्या, तक्ता तेवढा उरला. पुढे टाकी कुठे बांधायची यावर भांडण झालं, आणि ज्यांच्या नळाला थेंब येत नव्हता त्यांच्या बाजूनं दाखवायला माझ्या हातात टक्केवारीशिवाय काही नव्हतं. ते अजून टोचतं.

तुला वेळ कमी आहे हे कळतं. टायपिंगला दोन मुलं लाव, चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेव, शुद्धलेखन सुधारत बसू नका. अकरा वाजताची सभा पुन्हा ठेवणार असशील तर रद्द कर. पाणी भरणाऱ्या बायका तेव्हा कामावर असतात.

वरिष्ठांना तक्ता दे, तो त्यांना लागणारच. पण प्रत्येक आकड्यापुढे चिठ्ठीचा क्रमांक टाक, म्हणजे 'अपुरा दाब' कुणी वाचला तर त्याला पहाटे तीनचा नळ शोधता येईल. ते नको म्हणाले तर मला फोन कर, मी बोलतो त्यांच्याशी. आणि मसुदा मला पाठवशील तेव्हा परिशिष्ट आधी पाठव. गोषवारा मागाहून आला तरी चालेल.