पेठ का रावेत? आधी मंगळवार लिहून आणा

परवा एका बाईंचा लांबलचक मेसेज आला. थोडक्यात सांगते. दोघंही नोकरीला, एक मुलगी, बजेट सव्वा कोटीच्या आसपास. तेवढ्यात पुण्यात गावात, म्हणजे जुन्या पेठांच्या भागात, 30 वर्षं जुन्या बिल्डिंगमधे टू बीएचके मिळतोय आणि तेवढ्यातच बाहेर रावेतला नवाकोरा थ्री बीएचके, क्लब हाऊस, दोन पार्किंग वगैरे. एकाला हे हवंय, दुसऱ्याला ते, आठ महिने झाले रोज रात्री जेवणानंतर तोच विषय आणि शेवटी कुणीतरी एक उशी घेऊन हॉलमधे. खाली एकच ओळ होती, मॅडम, घर घ्यायच्या आधीच आमचं घर मोडणार का?

हल्ली माझ्याकडं समुपदेशनाला सासू-सून, मोबाईल, दारू या खालोखाल नंबर घराचाच लागतो, आणि पुण्यात तर हा वाद ठरलेलाच, गावात जुनं छोटं की बाहेर नवं मोठं. म्हणून 2024 सालचं एक जोडपं आठवलं, त्यांची गोष्ट सांगते. परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं देत नाही, तो आणि ती एवढंच.

तो बार्शीचा, ती पुण्याची, नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेली. आता तुम्हाला वाटेल की तिला पेठ हवी असणार आणि त्याला मोठं मोकळं घर. उलटं होतं! तो सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटवर अडून बसलेला आणि ती म्हणत होती रावेत, रावेत नाही तर वाकड, कुठंही चालेल पण गावात नको. कारण विचारलं की एकच शब्द, पार्किंग. पहिल्या सेशनला मी मोजलं नाही पण वीसेक वेळा तरी पार्किंग ऐकलं असेल. तो वैतागून म्हणाला अगं आपल्याला एकच गाडी आहे, महिना भाड्यानं जागा घेऊ, तर ती म्हणाली तुला कळत नाहीये. बरोबर होतं तिचं, त्याला कळत नव्हतं आणि मलाही.

मी दोघांना घरचा अभ्यास दिला. माझी जुनी सवय आहे ही, प्लस मायनसच्या याद्या मी करायला लावत नाही, कारण यादी माणूस वकिलासारखी करतो, आपल्या बाजूची दहा कारणं आणि समोरच्याची दोन. मी म्हटलं, त्या घरात राहायला जाऊन वर्ष झालंय असं समजा आणि एक साधा मंगळवार लिहून आणा, सकाळी उठल्यापासून रात्री दिवा बंद करेपर्यंत, एकमेकांना न दाखवता.

त्याच्या मंगळवारी सकाळी पर्वती, येताना नाष्टा, मुलगी शाळेला चालत, आई देवळात, मग "ऑफिस" एवढा एकच शब्द, आणि संध्याकाळी लक्ष्मी रोडवर फेरफटका. ऑफिस हिंजवडीला बरं का, कंपनीच्या बसमधे जाण्यायेण्यात रोजचे अडीच-तीन तास, ते सगळे त्या एका शब्दात गडप. तिच्या मंगळवारी सकाळी पोहणं, मुलगी खाली मैत्रिणींबरोबर खेळतीये, तिला स्वतःची एक खोली जिचं दार लावता येतं, बाल्कनीत चहा, शांतता. तिचं ऑफिस खराडीला. रावेत ते खराडी म्हणजे शहराच्या एका टोकाकडनं पार दुसऱ्या टोकाला, ते तिच्या कागदावर नव्हतंच. शिवाय बार्शीहून कायमच्या राहायला येणाऱ्या सासूबाई तिच्या अख्ख्या मंगळवारात कुठंच नव्हत्या. आणि त्याच्या मंगळवारात ती स्वतः नव्हती, म्हणजे चहा आपोआप झालेला होता.

मी म्हटलं, अहो तुम्ही दोघांनी रविवार लिहून आणलाय, वर फक्त मंगळवार नाव घातलंय. दोघंही हसले, माझ्यासमोर पहिल्यांदाच.

पुढच्या वेळी मी तिला सहज विचारलं की वाड्यात गाडी कुठं लावायचे तुम्ही लोक?

"गाडीच नव्हती हो मॅडम."

आणि मग जरा वेळानं बोलायला लागली. वडील वाड्यात भाडेकरू, भाडं नावालाच, दोन खोल्या, संडास सगळ्यांत मिळून. मालकानं वाडा बिल्डरला दिला, बाकीचे भाडेकरू चिवटपणे बसून राहिले आणि त्यांना नव्या बिल्डिंगमधे जागा मिळाल्या, हिच्या वडिलांनी घाबरून आधीच सही केली, रोख रक्कम घेतली आणि धायरीला गेले. ही तेव्हा नववीत. वडील त्यानंतर रोज सकाळी पीएमटीनं परत पेठेत यायचे, त्याच कट्ट्यावर बसून पेपर वाचायचे, दहाच्या बसनं घरी. शेवटपर्यंत. त्या रस्त्यावरनं जाताना ही मान खाली घालून जायची, कारण आपले वडील दुसऱ्याच्या दारात बसलेत असं तिला वाटायचं. लग्नाला अकरा वर्षं झालेली, वाडा पाडला एवढं नवऱ्याला माहीत होतं, कट्ट्याचं माहीत नव्हतं.

त्याचंही होतंच काहीतरी. 2004 साली शिकायला आला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत सहाजण, मेसचा डबा, दहानंतर दार बंद, पाहुणा आणायचा नाही, गरम पाण्याचे पैसे वेगळे. रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी एकदा मालकीणबाईंनी दार उघडलंच नाही आणि हा पायरीवर झोपला. तिथं ठरवलेलं म्हणे, की एक दिवस इथंच मालक म्हणून राहीन. मालकीणबाई केव्हाच गेल्या, हे त्यालाही माहीत होतं.

म्हणजे दोघं एकाच पेठेबद्दल बोलत होते, एकाला त्या दारातनं आत जायचं होतं आणि एकीला त्या दारासमोरनंसुद्धा जायचं नव्हतं. पण इथं एक सांगते, एवढं कळलं म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं हं. समुपदेशनाबद्दल लोकांचा हा मोठा गैरसमज आहे की रडू आलं की झालं. रडून झाल्यावरसुद्धा घर कुठं घ्यायचं हे उरतंच.

तिसऱ्या वेळी मी सासूबाईंना बोलावलं, कारण दोघंही आईसाठी आईसाठी म्हणत होते आणि आईला विचारलं कुणीच नव्हतं. वय 68, गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "मला देऊळबी नको आन् तळंबी नको, रिक्षा न करता भाजी आणता आली पायजे आन् जिना नको." झालं! पेठेतला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रावेतला लिफ्ट होत्या चार, पण भाजीला स्कूटर काढावी लागणार किंवा ॲपवरनं मागवायची. एका वाक्यात दोन्ही घरं बाद.

मग आम्ही खरा मंगळवार लिहिला, तिघांचा मिळून, घड्याळ लावून. मुलगी दोनला शाळेतनं येणार, दार कोण उघडणार. तिला खराडीला जायला सगळ्यात सोपं काय, तर वनाजकडनं येणारी मेट्रो, ती मार्च 2024 मधे रामवाडीपर्यंत सुरू झाली होती, पुढं रिक्षा. म्हणजे कर्वे रोडच्या बाजूला कुठंतरी, नळ स्टॉप नाही तर आयडियल कॉलनी स्टेशनला चालत जाता येईल असं. त्याची कंपनीची बस तिकडं मिळत होतीच. एरंडवणं हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा निघालं, त्यांच्या इतक्या दिवसांच्या भांडणात कधीच निघालं नव्हतं, कारण त्याला ते पुरेसं पेठ वाटत नव्हतं आणि तिला पुरेसं लांब.

जुलैत त्यांना नदीच्या बाजूला एक फ्लॅट फार आवडला, टोकन द्यायचंच बाकी. आणि 25 जुलैला तो पाऊस झाला, खडकवासल्यातनं पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकता नगरीत लोकांच्या पार्किंगमधे, खालच्या घरांत पाणी, पुलाची वाडीत पाणी. तिची आत्या पानशेतचा पूर बघितलेली, 12 जुलै 1961, नारायण पेठेत पाणी कसं चढलं ते ती आजही काल घडल्यासारखं सांगते. तिनं फोन करून एवढंच विचारलं, निळी रेषा कुठंय, लाल रेषा कुठंय, बघितलीस का? बघितली नव्हती. नदीकाठच्या भागात या निळ्या-लाल पूररेषा नकाशावर आखलेल्या असतात, त्या आपलं घर बघायला जाताना बघायच्या असतात हे सुशिक्षित माणसांच्यासुद्धा डोक्यात येत नाही, आपण टाईल्स बघतो. तो फ्लॅट सोडला.

सप्टेंबरात त्यानं शेवटचा डाव टाकला. मित्राचा पेठेतला फ्लॅट रिकामा होता, तिथं आठवडाभर सगळे राहायला गेले, आणि त्या वर्षी अनंत चतुर्दशी नेमकी मंगळवारी, 17 तारखेला! मला वाटलं आता ढोलांनी हा माणूस बेजार होऊन स्वतःच पेठ सोडेल. तसं काही झालं नाही. तो खूश, मुलगी खूश, आणि सगळ्यात खूश ती. लेकीला खांद्यावर घेऊन हा कसबा, ही तांबडी जोगेश्वरी, हा गुरुजी तालीम, मग तुळशीबाग, मग केसरीवाडा, सगळे मानाचे गणपती क्रमानं सांगत होती म्हणे, पहाटेपर्यंत. त्याला वाटलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "अरे माझंच आहे हे सगळं, मला कुणी सांगायला नको, पण मी इथं पाहुणी म्हणून येईन, राहायला नाही." त्यानं मला नंतर सांगितलं की आधी ती पेठेला नावं ठेवायची तेव्हा त्याला वाद घालता यायचा, हे वाक्य आल्यावर काय बोलायचं ते सुचेना. तो विषय तिथंच थांबला.

शेवटी एरंडवण्यात 1990 च्या सुमाराची एक सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट आहे, 1 कोटी 20 लाख. इथं मी हात वर केले, कारण मी वकील नाही, आणि जुन्या घराला वकील लागतोच. नव्या प्रोजेक्टचं निदान रेराच्या सरकारी साईटवर बघता तरी येतं, जुन्याचं सगळं आपणच खणायचं. त्यांच्या वकीलबाईंनी काय काय मागवलं ते मला त्यानं दाखवलं होतं, इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा, मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च, प्रॉपर्टी कार्ड, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची ना हरकत, भोगवटापत्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का अजून जुन्या मालकाच्याच नावावर. कितीतरी जुन्या सोसायट्यांत ते राहिलेलं असतं आणि मग पुढं रिडेव्हलपमेंटला अडतं. स्ट्रक्चरल ऑडिटही मागितलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणं 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगचं दर 5 वर्षांनी आणि 30 च्या पुढं दर 3 वर्षांनी करायचं असतं. यांच्या सोसायटीनं एकदाच केलेलं, तेही बँकेच्या धाकानं. बँकासुद्धा जुन्या बिल्डिंगला कर्ज देताना अजून किती वर्षं उभी राहील ते बघतात, त्यावर हप्ते किती वर्षांचे ते ठरतं.

रिडेव्हलपमेंट होईलच की, मग नवं मोठं मिळेल, असं एजंट सांगत होता. मी एवढंच विचारलं की नाही झालं तर हे घर असंच आवडेल का, आणि झालं तर दोन-तीन वर्षं आईंना घेऊन भाड्याच्या घरात जायची तयारी आहे का? दोघं गप्प बसले, मग तिनं हो म्हटलं, पहिल्या प्रश्नाला. दुसऱ्याला अजून उत्तर आलेलं नाही.

आणि मग सगळं जमल्यावर भांडण झालं ते भलत्याच गोष्टीवरनं. महाराष्ट्रात घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, पुण्यात 7 ऐवजी 6, म्हणजे यांचे 1 लाख 20 हजार वाचत होते. तो उत्साहात म्हणाला, तुझ्याच नावावर करू, तेवढंच मॉड्युलर किचन निघेल. ती उठून गेली. वडिलांचं घर सहीवर गेलेलं त्या बाईला नवऱ्यानं सांगितलं की घर तुझ्या नावावर, का, तर किचन ट्रॉल्या निघतात! त्याला खरंच कळलं नाही काय चुकलं, बिचारा फोन करून मला विचारत होता. मी म्हटलं पैसे वाचतात हे तिलाही येतं मोजता, तुम्हाला तिच्या नावावर करावंसं वाटतंय का ते सांगा. त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण खरेदीखत तिच्या एकटीच्या नावावर झालं.

आता राहतायत. हॉल छोटा आहे, जुना सोफा विकावा लागला. तिला स्वतःची खोली मिळाली नाही, बाल्कनी बंद करून एक टेबल बसवलंय आणि दार लावता येतं, हे तिनं मला दोनदा सांगितलं. तो शनिवारी सकाळी अजूनही पेठेत जातो, तिथंच नाष्टा करून येतो. ती कधी कधी बरोबर जाते. सासूबाईंना भाजी खालीच मिळते पण महाग आहे, ही त्यांची रोजची तक्रार. आणि पार्किंगवरनं सोसायटीत खरोखरच भांडणं आहेत, तिनं आधीच सांगितलं होतं.

तर त्या मेसेजवाल्या बाईंना मी लिहिलं, कुठला एरिया चांगला ते मला विचारू नका, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एक साधा मंगळवार लिहा, ऑफिसला जायचा यायचा वेळ धरून, आणि घरात तिसरं कुणी असेल तर त्यांनाही एक कागद द्या.

रात्री उत्तर आलं. मॅडम, बुधवार चालेल का, मंगळवारी आमच्या ह्यांचा उपास असतो.

चालेल म्हटलं.