‘कायदेशीर करचुकवेगिरी’ म्हणजे काय?

एका वाचकाने विचारलंय: ‘कायदेशीर करचुकवेगिरीवर आयकर खात्याचा बडगा’ असा मथळा वाचला, हा प्रयोग बरोबर आहे का?

साफ चूक. उत्पन्न दडवलं, खोटी बिलं जोडली, की ती चुकवेगिरी आणि तो गुन्हा. कायद्यातल्या फटी हेरून कर कमी केला तर तो कर ‘टाळणं’. मी ‘करटाळणी’ म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मॅकडॉवेल खटल्यात कायद्याच्या चौकटीतलं नियोजन वैध मानलं, पण नियोजनाच्या नावाखाली केलेला देखावा अमान्य केला. १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला ‘गार’ (जनरल अँटी-अव्हॉइडन्स रूल, म्हणजे करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियम) हाही याच देखाव्यांसाठी आहे: व्यवहाराचा मुख्य हेतू कर वाचवणं असेल आणि बाकी नुसता देखावा असेल, तर खातं तो व्यवहार बाजूला सारू शकतं. पगारदाराचा कर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो, त्याच्या वाट्याला फट येतच नाही. म्हणून हा बडगा मला न्याय्य वाटतो. पण टाळणाऱ्याला चुकव्या म्हणणं म्हणजे खटल्याआधीच शिक्षा.

आता खरी गंमत ‘चुकवणे’ची. गिरगावात आमच्या इमारतीच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘मालमत्ता कर वेळेवर चुकवणाऱ्या सभासदांचे आभार’. मी तिथेच ‘चुकवणाऱ्या’ पुसून ‘भरणाऱ्या’ लिहिलं. शेजारचे गुजराती काका म्हणाले, ‘अमे तो टॅक्स चूकवी दीधो!’ त्यांचंही खरं. गुजरातीत चूकववुं म्हणजे फेडणं, हिंदीत चुकाना तेच. आणि मराठीत? कर चुकवणारा लबाड, पण हिशेब ‘चुकता’ करणारा सचोटीचा. कामचुकार आळशी, आणि शेतकरी वाट बघतो ती कापसाच्या चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांची!

‘चुकता’ गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरून आला असं काही जण ठासून सांगतात. मग चुकारा कुठून आला? दुसरे ‘चुकणे’ थेट संस्कृत ‘च्युत’वरून (ढळलेला) काढतात. पण च्युतचं प्राकृतात ‘चुअ’ होतं, त्यातून ‘चुकणे’तला ‘क’ कसा उगवणार? उत्तर बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात आहे. ‘भ्रंश्’, म्हणजे गळून पडणे, या धातूच्या जागी येणारी रूपं तो देतो: फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. एकाच ओळीत फिट्ट आणि चुक्क! ‘कर्ज फिटलं’ आणि ‘हिशेब चुकता झाला’ ही सख्खी भावंडं. माझ्या मते दोन्हींत चित्र एकच आहे: डोक्यावरचं ओझं गळून पडलं. पैसे मोजून पाडलं तर फेड, हिसका देऊन पाडलं तर चुकवेगिरी. गुजरातीने पहिला अर्थ धरला, मराठीने ‘चुकवणे’त दुसरा ठेवला आणि पहिला ‘चुकता’त जपला. भुल्लवरून आपलं भुलणं आलं, त्यावर पुन्हा कधीतरी.