त्वचेवरील औषध हळूहळू सोडणारे जेल

प्रश्न : मुरुमांसाठीच्या ट्रेटिनॉइन क्रीमने चेहऱ्याची आग होऊ लागल्याने डॉक्टरांनी त्याच औषधाचे ‘मायक्रोस्फिअर’ जेल लिहून दिले. दोहोंत खरोखर फरक असतो का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : होय, असतो. साध्या क्रीममधील औषध त्वचेला एकदमच भिडते आणि दाह होतो. या जेलमध्ये मात्र ते स्पंजासारख्या सच्छिद्र, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोलकांत साठवलेले असल्याने थोडेथोडे बाहेर पडते व आग तुलनेने कमी होते. अमेरिकेत असे जेल १९९७ मध्ये मान्य झाले. तरीही सोलापूरच्या उन्हात जपावेच लागेल : ते रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढेच लावावे आणि दिवसा सनस्क्रीन वापरावे. गरोदरपणाचा विचार असल्यास, हे आवर्जून सांगतो, डॉक्टरांना आधी कळवावे.