गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बघ

प्रिय डॉक्टर,

घणसोलीच्या आरोग्य केंद्रातली गरोदर मातांची ओपीडी आता तुझ्याकडे आली आहे. वजन, बीपी, हिमोग्लोबिन सिस्टर बघतील. फिटच्या गोळ्यांचं मात्र तू स्वतः विचार. ‘काही आजार आहे का?’ याला उत्तर ‘नाही’च येतं, सासूबाई शेजारी असल्या की हमखास. त्यांना जरा बाहेर बसव आणि ‘रोज कुठली गोळी चालू आहे, पट्टी दाखव’ असं म्हण. पट्टीवर सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स (त्याचंच दुसरं रूप) दिसलं तर तिथंच थांब. ही गोळी अर्धशिशीला आणि मानसोपचारातही देतात, त्यामुळे जिला कधीच फिट आली नाही तिच्या पर्समध्येही ती सापडते.

कुठलीही गोळी नसताना शंभरात २ ते ३ बाळांना जन्मजात व्यंग असतं. व्हॅल्प्रोएटवर हे प्रमाण सुमारे १० पर्यंत जातं: पाठीच्या कण्याचा दोष, हृदयाचे दोष, दुभंगलेली टाळू. डोस जितका मोठा तितका धोका जास्त. शिवाय ३० ते ४० टक्के मुलांमध्ये बोलणं, लक्ष, शिकणं यांत अडचणी दिसतात. स्वमग्नतेचं प्रमाणही वाढतं. ही मुलं सोनोग्राफीत आणि जन्मल्यावर अगदी ठणठणीत दिसतात, म्हणून निसटतात. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम या फिटच्या दुसऱ्या गोळ्यांवर व्यंगाचं प्रमाण जवळपास सर्वसाधारण मातांइतकंच राहतं. टोपिरामेट, फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन या फिटच्याच गोळ्यांचेही आपापले धोके आहेत.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. बाई नोंदणीला येते आठव्या-दहाव्या आठवड्यात. म्हणजे गोळी बदलायची खरी वेळ लग्न ठरताना, किंवा पहिल्या मुलाच्या लसीकरणाला ती येते तेव्हा. आशाताईंना हे नीट समजावून ठेव. लॅमोट्रिजिनचा डोस चढवायला महिने लागतात. व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी दुपटीच्या आसपास जाते, म्हणून २५ मिग्रॅ दिवसाआड अशी सुरुवात होते. घाई केली तर अंगभर पुरळ येऊन जिवावर बेततं. हे काम न्यूरोलॉजिस्टचं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात पाठवायचं तर तिचा एक दिवसाचा रोज बुडतो, हे धरून चिठ्ठी अशी सविस्तर लिही की दुसरी फेरी पडू नये.

ती आधीच गरोदर असेल तर सर्वांत मोठी चूक म्हणजे गोळी एकदम बंद करणं. घरचे करतात, आणि खेदानं सांगावं लागतं, काही डॉक्टरही करतात. मग लागोपाठ फिट येतात, आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. गोळी चालू ठेव, त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टशी फोनवर बोल. बाळाच्या मेंदूची वाढ नऊही महिने चालते, त्यामुळे डोसचा विचार उशिरा झाला तरी फुकट जात नाही.

फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ रोज, शक्यतो गर्भधारणेआधीपासून. आपल्याकडच्या लाल लोहाच्या गोळीत ते फक्त अर्धा मिग्रॅ असतं. दहा लाल गोळ्या घेऊन हिशोब जुळवायला सांगू नकोस. ६०० मिग्रॅ लोह पोटात जाईल. ५ मिग्रॅची वेगळी गोळी लिहून दे. व्यंगांसाठीची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत चुकवू नकोस.

लॅमोट्रिजिनची पातळी गरोदरपणात निम्म्यावरही येते, म्हणून आधी शांत असलेल्या बाईला सातव्या महिन्यात फिट येते. डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच उतरवायला घ्यावा लागतो, नाहीतर चक्कर, डबल दिसणं सुरू होतं. नेमकी तेव्हा ती माहेरी असते, साताऱ्याला नाहीतर जळगावला. गरोदरपणाआधीचा डोस, आत्ताचा डोस आणि उतरवायचा क्रम माता-बाल कार्डावर मोठ्या अक्षरात लिही. बाळाला जन्मताच व्हिटॅमिन के १ मिग्रॅ मिळालं का, तेही तपास. अंगावर पाजायला बहुतेक गोळ्यांवर हरकत नाही. आईची झोप मोडली की फिट येते, म्हणून रात्रीचं एक फीड काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्या कुणी सांभाळावं. आंघोळ मात्र तिनं एकटीनं घालू नये, आणि लंगोट जमिनीवर बसून बदलावा.

व्हॅल्प्रोएटवर वाढलेल्या बाळाच्या कार्डावर खूण कर. नऊ महिन्यांचं झालं तरी नावानं वळत नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ यावर विसंबू नकोस. आधी कानांची तपासणी, मग लगेच बालविकासतज्ज्ञांकडे. आणि आईला स्पष्ट सांग, सासरच्यांच्या समोर सांग, की तिनं डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतलं. यात तिचा दोष नाही.