अमूर्त चित्रकाराची घोडी

प्रश्न : माझे मामा आयुष्यभर अमूर्त चित्रे काढत आले. निवृत्तीनंतर ते यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी राहायला आले असून वरातीच्या घोडीपाशी तासन्‌तास बसून असतात. कॅनव्हासवर मात्र नुसते तपकिरी पट्टे दिसतात. घोड्यांवर एवढा जीव असताना ते घोडा का काढत नाहीत?

उत्तर : जीव असला म्हणजे हुबेहूब चित्र काढलेच पाहिजे, असे नाही. अमूर्त चित्रकलेचे एक प्रवर्तक वासिली कांडिन्स्की यांच्या चित्रांत घोडेस्वार वारंवार येत असे. १९११ मध्ये फ्रान्झ मार्क यांच्यासह त्यांनी म्युनिकमध्ये उभारलेल्या गटाचे नावही ‘निळा घोडेस्वार’ असेच होते. पुढे तो स्वार रेषांमध्ये विरघळत गेला. आपल्या नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे तर रोलर आणि चाकूने रंगाचे थर चढवीत व काढीत. तेथे ओळखीचा आकार शोधणे व्यर्थच.

घोडीच्या अंगावर माशी बसली, की तेवढ्याच जागेची कातडी थरथरते आणि तिच्यावरचा उजेड क्षणभर मोडतो. मामा बहुधा हेच टिपत असावेत. (बँडच्या गोंगाटाला सरावलेली घोडी निश्चल उभी राहते, हीही त्यांची सोयच.) त्यांना ‘घोडी कुठे आहे?’ असे विचारण्याऐवजी एखाद्या सकाळी त्यांच्या शेजारी बसा आणि पट्ट्याचा तो तपकिरी रंग तिच्या अंगावर कुठे आहे, ते दाखवायला सांगा.